शुश्रूषा : अखेरच्या पर्वातील सेवेचे शिक्षण



दादरा आणि नगर हवेलीत इतिहासावर बोलायचे म्हटले की २ ऑगस्ट १९५४ हा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. तथापि आजच्या स्मृतिव्याख्यानात मी एका निराळ्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे. ज्याचा आजार बरा होणार नाही हे निश्चित झाले आहे, अशा माणसाची अखेरपर्यंत काळजी कशी घ्यावी, हे डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक आणि गावपातळीवरील कार्यकर्त्या यांना शिकवण्याचा हा इतिहास आहे. तो फार जुना नाही. जगात त्याला सहा दशके होत आली आणि आपल्या देशात सुमारे चार. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. आयुष्यभर मराठी शिकवली, एवढेच. परंतु या इतिहासाच्या मुळाशी भाषेचाच एक प्रश्न दडलेला आहे असे मला वाटते, म्हणून हे धाडस.

१. एका शब्दाचा अर्थ

रुग्णाच्या सेवेला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. हा शब्द लिहिताना ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा सर्रास होतो. त्याहून मोठा विसर पडला आहे तो त्याच्या अर्थाचा. संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द सिद्ध झाला. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. शिष्य गुरूचे शब्द ऐकण्यास उत्सुक असतो, म्हणून तो त्याच्याजवळ राहतो, त्याची सेवा करतो. यातून ‘सेवा’ हा अर्थ आला आणि पुढे तो रोग्याच्या सेवेसाठी रूढ झाला. जो ऐकू इच्छितो तोच सेवा करू शकतो, असे जणू हा शब्द सांगतो. अखेरच्या काळातील सेवेचे आधुनिक शिक्षण ज्या ठिकाणी येऊन पोहोचले, ते ठिकाण हेच आहे.

मात्र आपल्या परंपरेत सारे काही आधीपासून होते, असा दावा मी करणार नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी तेथे अपेक्षा आहे. परिचारकाला वैद्याच्या पंक्तीत बसवणारा हा विचार थोरच म्हटला पाहिजे. पण त्याच अध्यायात वैद्याची वृत्ती कशी असावी हे सांगताना पीडितांविषयी मैत्री व करुणा, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि ‘प्रकृतिस्थां’विषयी उपेक्षा असा क्रम दिला आहे, आणि टीकाकारांनी ‘प्रकृतिस्थ’ याचा अर्थ मरणासन्न असा लावला आहे. उपेक्षा म्हणजे येथे तटस्थता, असे कोणी म्हणेल. तरीही व्यवहारात वैद्य मागे सरला आणि मरणारा माणूस घरच्यांच्या व धर्माच्या स्वाधीन झाला, हे खरेच. शिवाय मरणाची चिन्हे दिसली तरी, ज्या ठिकाणी ते ऐकून रोग्याला वा आप्तांना धक्का बसेल तेथे वैद्याने ती बोलून दाखवू नयेत, असाही संकेत होता. ‘त्यांना काही सांगू नका हं, डॉक्टर’ हे आजच्या प्रत्येक रुग्णालयाच्या दारात कुजबुजले जाणारे वाक्य किती जुने आहे, हे यावरून ध्यानात येते.

२. बरे करण्याची शाळा

आधुनिक परिचर्येचे शिक्षण १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने निघालेल्या शाळेपासून सुरू झाले, असे मानतात. परिचर्येवरील त्यांच्या प्रसिद्ध टिपणांत एक स्वतंत्र प्रकरण आहे ते रोग्याला पोकळ आशा दाखवणाऱ्या आणि उपदेशांचा भडिमार करणाऱ्या भेटकऱ्यांवर. आजारी माणूस अशा बोलण्याने एकाकी होतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आपल्याकडे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम आरंभले आणि परिचारिकेच्या शिक्षणासाठी स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठवले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम घरंदाज स्त्रीने करावे काय, असा प्रश्न विचारला जाण्याचे ते दिवस होते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि कर्करोगाच्या चिकित्सेला आपल्या देशात हक्काचे घर मिळाले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. रुग्णालय नुसत्या शरीरावर चालत नाही, त्याला कुटुंबाची, पैशाची आणि मनाचीही दखल घ्यावी लागते, हे त्या नेमणुकीने मान्य केले.

या सर्व शिक्षणाचा रोख मात्र एकच होता : रोगी बरा करणे. जो बरा होणार नाही त्याच्या खाटेपाशी काय करायचे, याचा तास वेळापत्रकात नव्हता. म्हणून त्या खाटेपाशी एकच वाक्य उच्चारले जाई, ‘आता आमच्या हातात काही नाही, यांना घरी न्या.’ आणि विलक्षण गोष्ट अशी की, मरणाची चाहूल लागलेला रोगीही तेच म्हणत असतो : ‘मला घरी न्या.’ शब्द तेच. परंतु पहिल्या वाक्यात हात झटकणे आहे आणि दुसऱ्यात ओढ आहे. या दोन वाक्यांमधले अंतर भरून काढणे, हेच या नव्या शिक्षणाचे कार्य होय.

३. ऐकणारी डॉक्टर

ज्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची शाळा होती, त्याच शाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिसिली साँडर्स नावाची तरुणी परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा ती रुग्णालयातील समाजसेविका झाली. तेथे तिला डेव्हिड तास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित भेटला. परक्या देशात, आप्तांविना, तो कर्करोगाने मरत होता. त्याच्याशी झालेल्या संभाषणांतून अशा रोग्यांसाठी वेगळे घर हवे, ही कल्पना आकाराला आली. १९४८ साली तो वारला. त्याने मागे ठेवलेल्या ५०० पौंडांतून त्या भावी घराची एक खिडकी व्हावी, ही त्याची इच्छा होती. पुढे साँडर्सबाई वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. उपचार, संशोधन आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी तेथे पहिल्यापासून एका छपराखाली होत्या.

त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, वेदनेचे औषध रोग्याने ओरडून मागण्याची वाट न पाहता घड्याळाच्या ठोक्यावर द्यावे. म्हणजे वेदना डोके वर काढण्यापूर्वीच पुढचा डोस पोटात जातो आणि पुढच्या कळेचे भय उरत नाही. दुसरी, वेदना ही नुसती शरीराची नसते. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा या चौघांचे दुखणे मिळून ती समग्र वेदना होते. एकाच व्यक्तीने परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर या तिन्ही भूमिकांत रोग्याचे ऐकले, त्यातून हा विचार जन्मला. पुढे कॅनडात या सेवेला ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत ‘पॅलियम’ म्हणजे अंगावरचे वस्त्र, पांघरूण. मराठीत ‘पांघरूण घालणे’ या वाक्प्रचाराला दोष झाकण्याचा वास आहे. येथे मात्र ऊब देणारे पांघरूण अभिप्रेत आहे. सत्य झाकणारे पांघरूण आणि ऊब देणारे पांघरूण यांतला विवेक, हा या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा होय. मराठीत ‘उपशामक उपचार’, ‘परिहारक सेवा’ असे शब्द वापरात आहेत. बोलीत अजून एकही रुळलेला नाही.

४. मुंबई, कालिकत, पुणे

आपल्या देशातील पहिले असे घर मुंबईत झाले. १९८६ साली वांद्रे येथे डॉ. लुइस जोस डिसोझा यांनी ‘शांति अवेदना’ आश्रम सुरू केला. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. नाव किती विचारपूर्वक ठेवले आहे पहा. गोव्यात आणि दिल्लीत त्याच्या शाखा निघाल्या. त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली : साधी वेदनाशामके, मग सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन.

परंतु आदल्याच वर्षी, १९८५ साली, अमली पदार्थविरोधी कायदा आला होता. त्यातील कडक शिक्षा आणि निरनिराळे परवाने यांमुळे रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशात वर्षाकाठी काहीशे किलो वापरले जाणारे हे औषध १९९७ साली अवघ्या १८ किलोंवर आले. जो देश जगाला औषधी अफू पुरवतो, ज्याच्या नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफू कारखाने आहेत, त्याच देशातील रोगी वेदनेने तळमळत राहिला. आणखी वाईट गोष्ट अशी की, डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी मॉर्फिन कधीही न हाताळता पदवीधर झाली. कायद्याने लागलेले कुलूप अज्ञानाने गंजले. २०१४ साली संसदेने कायदा सुधारून ही वाट सुकर केली. तथापि मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असला पाहिजे, ही अट आहे आणि ती योग्यही आहे. याचा सरळ अर्थ असा की, जेथे शिक्षण नाही तेथे औषधही नाही. शिक्षणाचा प्रश्न हा केवळ गुणवत्तेचा नाही, तो वेदनेने जागून काढलेल्या रात्रीचा प्रश्न आहे.

दरम्यान १९९३ साली केरळात कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. ज्यांना सर्वाधिक गरज आहे ते रोगी तेथवर येऊच शकत नाहीत, हे थोड्याच काळात उमगले. मग परिचारिका घरी जाऊ लागल्या. मग शेजारीपाजारी शिकून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी यांनी प्रशिक्षण घेतले, आणि मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरण जाहीर केले. १९९४ साली या क्षेत्रातील लोकांची भारतीय संघटनाही स्थापन झाली.

महाराष्ट्रात १९९७ साली पुण्याजवळ वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र उभे राहिले. त्याच्या नावातच ‘प्रशिक्षण केंद्र’ हे शब्द आहेत. रोग्याबरोबर घरचे माणूसही तेथे राहते. जखम कशी धुवावी, कूस कशी बदलावी, औषध केव्हा द्यावे हे ते शिकते आणि मग रोगी त्याच्यासह घरी जातो. म्हणजे तेथे विद्यार्थी दोन प्रकारचे : एक नोकरीतला, दुसरा नात्यातला. टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ साली या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम आखला. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रोग्याशी संवाद आणि वैद्यकीय नीती यांचे धडे आले. १८६० साली जो तास वेळापत्रकात नव्हता, तो आला. यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

५. इच्छा कोणाची?

आपल्या सिल्वासाच्या नागरी रुग्णालयाला विनोबा भावे यांचे नाव आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबरला पवनार येथे देह ठेवला. त्यांचा मार्ग सर्वांचा नव्हे. पण अखेरच्या दिवसांविषयी बोलण्याचा पहिला अधिकार त्या माणसाचा, हे त्यांनी दाखवून दिले.

ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय, हा प्रश्न मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उभा राहिला. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात अत्याचाराला बळी पडून जाणीव हरपलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांची तेथील परिचारिकांनी मे २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे, सेवा केली. सदतीस वर्षांत त्यांना एकदाही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नमूद आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या एका वाक्याचे मोल कळेल. एका तुकडीने निवृत्त होताना दुसरीच्या हाती दिलेला हा वारसा होता. पुढे ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत तिची पद्धत सोपी केली. मात्र ही इच्छा विचारायची कशी, तिची भाषा कोणती, हे न्यायालय शिकवू शकत नाही. ते परिचारिकेने आणि डॉक्टरानेच शिकले पाहिजे.

६. ठणका, कळ आणि आग

येथे मी माझ्या विषयाकडे येतो. वेदना मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. रोगी जे सांगेल तेच मोजमाप, हा या शास्त्राचा पाया आहे. आणि सांगणे भाषेत होते.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पहा : ठणका, कळ, शूळ, चमक, सणक, तिडीक, ठुसठुस, जळजळ, भगभग, रग, मुंग्या, झिणझिण्या. हे केवळ शब्दवैभव नाही. जो म्हणतो ‘ठणका लागलाय’, त्याच्या जखमेत पू धरला असण्याचा संभव असतो. जी म्हणते ‘कळ येते नि जाते’, तिच्या आतड्यांकडे पाहावे लागते. ‘आग होते, मुंग्या येतात, चमक मारते’ ही मज्जातंतू दुखावल्याची खूण असते. तेथे एकटे मॉर्फिन बहुधा पुरे पडत नाही, सोबत निराळी औषधे द्यावी लागतात. ‘दुखतंय’ एवढाच शब्द ज्या परिचारिकेला कळतो आणि हे सारे शब्द जिला कळतात, त्या दोघींच्या हातून होणारी सेवा एकसारखी असणार नाही.

प्रश्न विचारण्याचेही तसेच आहे. ‘काय आजी, बरं आहे ना?’ असे विचारले की आजी ‘हो’ म्हणतात. कारण ‘ना’ने उत्तर आधीच देऊन टाकलेले असते. ‘आजी, रात्र कशी गेली?’ असे विचारले आणि दोन क्षण गप्प बसले, की आजी बोलू लागतात. प्रशिक्षणाच्या वर्गात असे संवाद एकाने रोगी आणि दुसऱ्याने परिचारिका होऊन पुन्हापुन्हा गिरवून घेतात, ते याचसाठी.

अखेरच्या श्वासांनाही आपल्या भाषेने नावे दिली आहेत. ‘घरघर लागली’, ‘ऊर्ध्व लागला’ असे आपले वाडवडील म्हणत. घशात साठलेल्या स्रावाचा तो आवाज असतो. ऐकणाऱ्याचे काळीज चरकते, परंतु रोग्याला त्याचे भान बहुधा नसते. रोग्याला एका कुशीवर वळवले तर तो कमी होतो. हे घरच्यांना आधी समजावून सांगितले, तर शेवटच्या तासाची धावपळ टळते. तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालण्याची रीत मोडण्याचे कारण नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाला चमचाभर पाणी ठसक्याचे ठरते, म्हणून ओठ भिजतील इतके दोन थेंब पुरेत, एवढेच शिकवायचे. तोंडाची स्वच्छता, दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलची पूड, मॉर्फिनबरोबर न चुकता सौम्य रेचक, दम लागला तर उशीला टेकवून बसवणे आणि तोंडावर पंख्याचा वारा : हा अभ्यासक्रम बहुतांशी साध्या गोष्टींचा आहे. साध्या आहेत म्हणून त्या आपोआप येतात, असे मात्र नाही.

७. राखोलीपुढील काम

दमणगंगेच्या काठचे हे राखोली आता निव्वळ शेतीचे गाव राहिलेले नाही. येथे वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. कारखान्यांच्या निमित्ताने दूरदूरच्या प्रांतांतील लोक आले आहेत. सिल्वासात २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत गावपातळीवरील केंद्रांना ज्या बारा सेवा नेमून दिल्या, त्यांत उपशामक सेवा आहे. आशा कार्यकर्तीने असे रोगी हुडकावेत आणि त्यांच्या घरी जावे, अशी त्यात योजना आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. ती प्रत्यक्षात तुटते ती शेवटच्या कडीपाशी, ओसरीवरच्या खाटेपाशी, जेथे वारली म्हातारा आपले दुखणे आपल्या बोलीत सांगतो आणि ऐकणारी व्यक्ती दुसऱ्याच भाषेत शिकलेली असते. ती मन लावून काम करत नाही असे नव्हे. तिला तो शब्द कोणी शिकवलेला नसतो, इतकेच. मग औषधाची पायरी चुकते आणि ‘घरी न्या’ या वाक्याचा जुना, हात झटकण्याचा अर्थच पुन्हा खरा ठरतो.

या शाळेचे माजी विद्यार्थी ही तुटलेली कडी जोडू शकतात, अशी माझी धारणा आहे. आपल्यापैकी कोणी परिचारिका असेल, कोणाची बहीण आशा कार्यकर्ती असेल, कोणी शिक्षक असेल. मी आपल्यापुढे एक छोटे काम ठेवतो. वारली, कोकणा, धोडिया आणि येथील मराठी या बोलींत दुखण्याला, दम लागण्याला, भीतीला, मरणाला कोणते शब्द आहेत, ते आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपा. आजी-आजोबा आहेत तोवरच हे होईल. प्रत्येक शब्दापुढे त्याचा नेमका अर्थ आणि तो केव्हा वापरतात हे लिहा, वैद्यकाच्या जाणकारांकडून तपासून घ्या आणि पन्नास-साठ पानांची पुस्तिका करून येथील प्रत्येक उपकेंद्रावर, परिचर्येच्या प्रत्येक वर्गात पोहोचवा. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. दोन वर्षे चिकाटीने रविवार द्यावे लागतील. गावातील दहा-बारा जणांनी रोग्याजवळ बसण्याचे प्रशिक्षण घेतले, तर कालिकतने जे केले त्याचा आरंभ येथेही होईल.

शिक्षकाच्या स्मृतीला शब्दकोशासारखे दुसरे अर्घ्य नाही, असे मी भाषेचा शिक्षक म्हणून म्हणेन. आपण मला इतका वेळ ऐकून घेतलेत, म्हणजे माझी शुश्रूषाच केलीत.